ऊस वाचणारे शेठ

ज्या गच्चीवर अंड्याचं टरफलसुद्धा दिसता कामा नये असं मला खोली देताना बजावलं होतं, त्याच गच्चीवर पापडांच्या शेजारी बिबट्याची विष्ठा वाळत घातलेली पाहिली, तेव्हा माझ्या घरमालकांची आणि माझी खरी ओळख झाली. मी टॉवेल घ्यायला वर गेलो होतो. मांजरपाटाच्या फडक्यावर पाच-सहा करड्या, केसाळ, पीळ पडलेल्या वस्तू ओळीनं मांडल्या होत्या आणि कावळे बसू नयेत म्हणून शेठ स्वतः छत्री घेऊन उभे होते.

"साहेब, सावली नका पाडू," ते म्हणाले. "ताजा माल आहे."

मी बँकेतला कॅशियर. दोन हजार साल उलटून गेलं त्या सुमारास बदली होऊन आळेफाट्याला आलो आणि शेठच्या दुकानावरच्या मागच्या खोलीत राहिलो. शेठचे आजोबा राजस्थानातून खांद्यावर कापडाचं गाठोडं घेऊन आले होते म्हणे. शेठ मात्र इथंच जन्मले, इथंच वाढले, आणि बोलायला लागले की आळ्याचाच कोणी बागायतदार बोलतोय असं वाटायचं. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब घ्यायचे नाहीत, कांदा-बटाटा घरात नाही, चालताना मुंगी चुकवून पाय टाकायचे. असा हा माणूस बिबट्याच्या मागं वेडा झाला होता. बिबट्या बघायला नाही हं. बिबट्या बघायची त्यांना मुळीच हौस नव्हती. त्यांना हौस होती ती बिबट्या नुकताच कुठून उठून गेला ते बघायची.

त्यांची सगळी भाषा दुकानातली. पंजाच्या ठशाची रुंदी म्हणजे 'पन्ना'. ती कापड मोजायच्या लोखंडी मीटरनंच मोजायची. पन्ना मोठा आणि गोल, म्हणजे नर. जरा लांबट, म्हणजे मादी. विष्ठा म्हणजे 'माल', त्यात ताजा, जुना आणि उन्हात विटलेला असे प्रकार. आणि उसात पाचट दाबून बिबट्या जिथं आडवा होतो, ती जागा म्हणजे 'गादी'. दुकानात स्वतः बसायचे तीही गादीच, त्यामुळे "सकाळपासून गादीवरच होतो" असं ते म्हणाले तर ते दुकानात होते की कोणाच्या उसात, हे पायाला लागलेल्या चिखलावरून ओळखायला लागायचं.

गादी वाचायची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. चप्पल बांधावर काढायची, कारण जमीन आधी तळव्याला कळते. मग पोटावर पालथं पडायचं आणि दाबलेल्या पाचटावर गाल टेकवायचा. ऊब आहे का? मग नाक. "झाडाच्या बुंध्यावर त्यानं पिचकारी मारली असंल ना साहेब, तर आंबेमोहोर शिजल्यागत वास येतो." हे सांगताना त्यांच्या तोंडाला खरोखर पाणी सुटायचं. मी एकदा वास घेऊन पाहिला. आंबेमोहोराचाच होता. तेव्हापासून मला तो भात जेवताना मागं वळून बघायची सवय लागली आहे.

"कापड आणि ठसा सकाळच्या तिरप्या उजेडात बघावा," हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. "डोक्यावर ऊन आलं की दोन्ही खोटं बोलायला लागतात." त्यामुळे सकाळी दुकान उघडायला हमखास उशीर व्हायचा आणि भाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, शटरच्या किल्ल्या कमरेला लावून रस्त्याकडं बघत उभ्या असायच्या.

एकदा आम्ही दोघं एसटीनं घोडेगावला चाललो होतो. त्या तालुक्यातल्या एका जमिनीच्या सातबाऱ्याचं शेठना तिथल्या तहसील कचेरीत काहीतरी काम होतं. निम्म्या वाटेत शेठ खिडकीतून ओरडले, "थांबवा! गाडी थांबवा!" कोणी पडलं की काय म्हणून ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. शेठ उतरले, मागं धावत गेले आणि रस्त्याकडेच्या ओल्या मातीत उकिडवे बसले. बिबट्या म्हटल्यावर अख्खी गाडी खाली उतरली. म्हाताऱ्या उतरल्या, नवरा-नवरी उतरली, कंडक्टर तिकिटं पंच करायचा चिमटा वाजवत उतरला. सगळे श्वास रोखून उभे. शेठनी मीटर लावला, मान कलती केली, बोटानं माती चाचपली आणि सावकाश उठले.

"नखं उमटलीत," ते दुःखानं म्हणाले. "कुत्रं हाय." आणि गाडीत जाऊन आपल्या जागेवर बसले. घोडेगाव येईपर्यंत त्यांच्याशी कोणी बोललं नाही आणि याचं कारणही त्यांना कळलं नाही.

वाळलेला माल ते ब्लाउजपीसच्या रिकाम्या खोक्यांत जपून ठेवायचे. कुठल्या मालात काय सापडलं, कुत्र्याचे केस की घुशीचे दात, सगळं तोंडपाठ. व्हायचं तेच झालं. ओझरच्या गणपतीला जाऊन आलेल्या एका बाई परतीच्या वाटेवर दुकानात आल्या, पाच खण घेतले आणि घाईत नको ते खोकं घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज एसटी स्टँडपर्यंत ऐकू येत होता. शेठनी मात्र खोकं उघडून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो बाई, हा तर माझा रानडुकराच्या केसांचा माल! मी आठवडाभर शोधतोय!" भाभींनी त्या बाईंना एक भारी साडी देऊन वाटेला लावलं आणि वर येऊन मला म्हणाल्या, "साहेब, तुम्ही अंडी खात जा. माझी परवानगी आहे. ह्या घरात आता काय उरलंय?"

पण एवढं हसूनही आजूबाजूच्या गावांत शेठना मान होता, आणि तो उगीच नव्हता. उसाला तोड आली की टोळी फडात शिरायच्या आधी शेतकरी दुकानावर यायचे. "शेठ, वाचून द्या राव." शेठ जायचे, बांधाबांधानं फिरायचे, आत शिरायचे, आणि कापडाच्या कातरणीतल्या चिंध्या उसाला बांधून यायचे. पांढरी चिंधी म्हणजे खुशाल तोडा. लाल चिंधी म्हणजे ते टोक शेवटाला ठेवा, जनावराला निघून जायला वाट द्या. याचा पैसा नाही, चहा नाही. उकळलेलं पाणी ते घरूनच घेऊन जायचे. बदल्यात एवढंच की लग्न ठरलं की माणसं बस्ता बांधायला शेठकडं यायची. सगळ्या भावकीच्या साड्या, टोप्या, उपरणी, नवरीचा शालू, सगळं एका दुकानातून. एक मोठा बस्ता म्हणजे कापड दुकानदाराचं वर्ष निघतं.

आता त्या सप्ताहाची गोष्ट.

जवळच्याच एका गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला होता. त्या आठवड्यात गावात मटण-मच्छी बंद, दारू बंद, पानटपरीसुद्धा अर्धीच उघडी. सप्ताह कमिटीचे अध्यक्ष अण्णा. गावातले सगळ्यात मोठे ऊसवाले, कपाळाला बुक्का, मांडवात सगळ्यांच्या पुढं. त्यांच्या पोरीचं लग्न ठरलं होतं आणि बस्ता शेठकडं बांधायचा असा शब्द झाला होता. भाभींनी त्यासाठी दोन नवीन कपाटं करून घेतली होती.

याच अण्णांच्या उसात, ओढ्याकडच्या टोकाला, एका मादीनं तीन पिल्लं घातली होती. हे फक्त शेठना ठाऊक होतं आणि त्यांनी शपथ घालून मला सांगितलं होतं. पाणी दिलेल्या सरीत त्यांना रुपयाएवढे ठसे दिसले होते. त्या दिवसापासून ते त्या टोकाला फिरकले नव्हते. "कळलं की पिंजरा येतो," ते म्हणाले होते. "आई पिंजऱ्यात गेली की ही तिघं भुकेनं मरत्यात. दूध सुटलं नसंल अजून."

आणि त्याच उसाच्या दुसऱ्या टोकाला, गावाकडच्या अंगाला, एका सकाळी कोणाला तरी पाचट दबलेलं दिसलं. शेठना निरोप आला. माझ्या लुनावर आम्ही दोघं गेलो. बांधावर तीसेक माणसं होती, अण्णाही होते. शेठ चप्पल काढून आत शिरले, मागून मी. आत ऊस आडवा करून चांगली ऐसपैस जागा झाली होती. चार गाद्या, शेजारी शेजारी. मध्ये हाडं. मातीवर तांबडे डाग.

शेठचं भान सुटलं. इतकी सुंदर गादी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. ते धावतच बांधावर आले आणि हात पसरून म्हणाले, "चार! चार जनावरं हायेत! मादी आणि तीन मोठी झालेली पिल्लं. बकरू मारलंय, पोटभर खाल्लंय, आणि इथंच लोळलीत."

"पण गावात कुणाचंच बकरू गेलं न्हाई," कोणीतरी म्हणालं.

"भाईरगावचं असंल," शेठ म्हणाले.

"व्हय व्हय!" अण्णा एकदम पुढं झाले. "भाईरगावचंच. शेठ म्हणत्यात तसंच हाय. चार हायेत, मला बी रातीला आवाज आला व्हता."

चार बिबटे, तेही शाळेच्या वाटेला लागून! गावात हलकल्लोळ माजला. पोरांच्या आया मांडव सोडून रस्त्यावर आल्या. वनखात्याला फोन गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पिंजरा येणार असं ठरलं.

लुनावर मागं बसलेले शेठ गाणं गुणगुणत होते; त्या चार गाद्यांच्या नादात पिंजऱ्याचं त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. फाट्याजवळ आल्यावर मी गाडी कडेला घेतली. "शेठ," म्हटलं, "त्या हाडांना गरम मसाल्याचा वास येत होता. काळ्या रश्शाचा. आणि पाचटात तमालपत्र होतं."

"वाऱ्यानं आलं असंल."

"ते तांबडं रक्त नव्हतं. पानाची पिंक होती. हाडं कोयत्यानं तोडलेली होती. शेठ, सप्ताहात गावात मटण बंद आहे म्हणून चौघांनी उसात पार्टी केली आणि जेवून तिथंच ताणून दिली."

शेठ खाली उतरले आणि मैलाच्या दगडावर बसले. त्यांनी जन्मात मटण खाल्लं नव्हतं, त्यांच्या वडिलांनी खाल्लं नव्हतं, मटणाचा रस्सा कसा दिसतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं. हाड दिसलं की ते बिबट्यानंच खाल्लेलं, एवढाच त्यांचा अभ्यास. माणसंही हाडं टाकतात हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मग ते ताडकन उठले.

"साहेब," ते म्हणाले, "पिंजरा येतोय. आणि त्या उसात खरी एकच हाय. तीच घावणार."

आम्ही तसेच परत फिरलो. अण्णा मांडवामागं केळी मोजून घेत होते. शेठनी त्यांना बाजूला घेतलं, हात जोडले, सगळं सांगितलं. अण्णांनी इकडंतिकडं बघितलं.

"शेठ, मिटवा राव. मी अध्यक्ष हाय सप्ताहाचा. माळ घातलेली माणसं बसली व्हती तिथं उसात. पिंजरा लागला तर लागू दे. एखादा बिबट्या घावला तर तुमचंच नाव व्हतंय, शेठचा अंदाज खरा निघाला म्हणत्याल." मग त्यांनी शेठच्या खांद्यावर हात ठेवला. "आन बस्त्याला येतोयच की पुढच्या हप्त्यात. सगळी भावकी आणतो."

त्या संध्याकाळी शेठ जेवले नाहीत. गच्चीवर नुसत्या येरझाऱ्या घालत होते. भाभींनी मला विचारलं, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बस्ता जाता कामा नये, एवढं त्यांना सांगा," आणि आत गेल्या. मी तसं सांगितलं. शेठ म्हणाले, "व्हय," आणि परत फेऱ्या घालायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पोतून पिंजरा आला. आत आमिषाचं बकरू बांधलेलं, ते बिचारं गर्दी बघून ओरडत होतं. गाव लोटलं होतं. वनखात्याचे साहेब खाली उतरले तोच शेठ पिंजऱ्याच्या पुढं जाऊन उभे राहिले.

"साहेब, उतरवू नका. मी चुकलो. त्या गाद्या बिबट्याच्या न्हाईत. माणसाच्या हायेत."

मग माणसं हसायला लागली. इतकी वर्षं ज्यांच्या चिंध्या बघून लोक फडात शिरले, ते शेठ बिबट्या आणि माणसात फसले! कोणी शिट्टी वाजवली. शेठची कानशिलं लाल झाली, पण ते हलले नाहीत.

"कोणाच्या?" साहेबांनी विचारलं.

"नावं मी सांगणार न्हाई."

"मग मी वर काय कळवू शेठ? काल तुम्हीच चार बिबटे म्हणालात, आज माणसं म्हणता. काहीतरी पुरावा द्या, नाहीतर पिंजरा लावणं भाग आहे."

शेठनी क्षणभर अण्णांकडं बघितलं. अण्णा आभाळाकडं बघत होते. मग शेठनी चप्पल काढली. "या," म्हणाले. "वाचून दावतो."

साहेब, मी आणि जमतील तेवढे गावकरी त्यांच्या मागं आत गेलो, बाकीचे बांधावरून माना लांबवून ऐकत होते. शेठनी पहिल्या गादीवर गाल टेकवला.

"हा उताणा झोपला व्हता. उठताना डाव्या हातावर सगळा भार दिलाय, हा बघा तळवा. उजवा गुडघा दुखतोय ह्याचा." बांधावर एक लंगडणारा गृहस्थ एकदम दोन्ही पायांवर ताठ उभा राहिला.

"हा दुसरा. कुशीवर झोपला, खिशातला चुना सांडलाय. डबीचं झाकण ढिलं हाय." पाच-सहा जणांचे हात नकळत खिशाकडं गेले, त्यात एकाचा जरा जास्तच घाईनं.

"आन हा तिसरा झोपलाच न्हाई. कडंला बसून सारखा रस्त्याकडं वळून बघत व्हता. टाचा बघा कशा फिरल्यात. भित्रा माणूस हाय हा."

"कोण भित्रा?" बांधावरून आवाज आला. "राखण करत व्हतो मी!"

पुढं काय झालं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. माणसं उसात लोळून हसली. वनखात्याचे साहेब टोपी तोंडावर धरून वाकले. टेम्पोतलं बकरूसुद्धा ओरडायचं थांबलं. शेठ मात्र चौथ्या गादीवर वाकले होते. "आन ही चौथी, लई रुंद पन्ना..."

"बास!" अण्णा ओरडले. "बास करा शेठ. मी व्हतो."

अण्णांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला आणि शेजारणीला म्हणाली, "तरीच म्हणलं, मांडवातली पंगत ह्यांना गोड का लागंना." आणि परत सगळा फड हसायला लागला. अण्णा बांधावरून उतरता उतरता वळले. त्यांच्या कपाळावरचा बुक्का घामानं ओघळला होता. "शेठ, बस्ता नारायणगावला!" एवढंच म्हणाले आणि चालायला लागले.

पिंजरा टेम्पोतून न उतरताच परत गेला. शेठ वाटेत लुनावर मागं बसून पोरासारखे हसत होते. घरी भाभींना कळलं आणि हसणं संपलं. भाभी ओरडल्या नाहीत. नव्या कपाटांची दारं त्यांनी एकदा उघडली, एकदा मिटली आणि बोलणं टाकलं. शेठना ताट वाढलं जायचं, पण ताटासोबत आवाज यायचा नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाभी माझ्या दारात उभ्या. पायात चप्पल, हातात पिशवी. "साहेब, रिक्षा बोलवा. मला बघायचंय, कोणासाठी बस्ता घालवला."

आम्ही तिघं ओढ्यावर गेलो. ऊन तिरपं होतं, वाळू ओली होती. शेठनी वाळू बघितली आणि पट्कन खाली बसले. "ही बघ. त्या दिवसाच्या गर्दीनं बिचकली आन निघाली. जाताना बोटं खोल गेल्यात, तोंडात पिल्लू हाय. ही परत येताना, हलकी. आन ही परत जाताना, खोल. पलीकडच्या फडात गेली." त्यांनी पलीकडं बोट दाखवलं. "सुटली. दोन्ही पिल्लं घेऊन सुटली."

"दोन्ही?" भाभी म्हणाल्या. "तीन होती ना?"

शेठ उठले. वाळूवर इकडून तिकडं फिरले. तिसरी खेप कुठंच नव्हती.

"असंल कुठंतरी, दुसरीकडनं..."

"असंल म्हणजे? चार माणसं वाचता येतात, आणि एवढंसं पिल्लू वाचता येत नाही? मागं राहिलं असेल ते. एकटं राहिलं असेल आत." भाभींनी चप्पल काढली, निऱ्या खोचल्या आणि वाकून पाण्याच्या कडेनं चालायला लागल्या. बस्ता, कपाटं, तीन दिवसांचा अबोला, काही म्हणजे काही त्यांच्या चेहऱ्यावर उरलं नव्हतं. मी उसाकडं पाठ न करता त्यांच्या मागून चालत होतो.

"हे काय आहे?" भाभी थांबल्या.

पाण्याच्या अगदी कडेला, आईच्या शेवटच्या खोल ठशांच्या बाजूनं, रुपयाएवढे ठसे चालत गेले होते. मध्येच पाण्याशी अडखळले होते, एका जागी गोल फिरले होते, आणि पलीकडच्या काठावर परत उमटले होते. तिसऱ्याला उचलून नेलंच नव्हतं. ते आपल्या पायांनी आईमागं गेलं होतं. शेठ खोल ठसे शोधत राहिले आणि हे हलके त्यांच्या नजरेतून सुटले होते.

शेठ गुडघ्यांवर बसले. त्यांनी मीटर काढला, पण लावला नाही. भाभींनी पदरानं डोळे पुसले, मग नाक पुसलं, मग त्या ओल्या वाळूकडं बघून मोठ्यानं हसल्या. शेठही हसायला लागले, मीही. किती वेळ हसत होतो कोण जाणे.

मग भाभींनी चप्पल घातली, निऱ्या सोडल्या, पदर नीट केला.

"चला," त्या म्हणाल्या. "पिल्लं पोचली. आता बस्त्याचं बोलू."

शेठ जे उठले ते थेट उसात शिरले. आम्ही बांधावरून हाका मारत होतो, "अहो, या बाहेर!" आणि आतून आवाज येत होता, "एक गादी राह्यलीय बघायची, एकच!"